निऑनचा दिवा विझलेला नाही

रात्री उठून टॉर्च मारला तर निऑन टेट्रा या छोट्या माशांची निळी पट्टी गायब, आणि सकाळी माशांच्या टाकीची ट्यूब लावली की सगळे काचेवर धडका घेतात, आजारी आहेत का, असं तुम्ही विचारलंय. नाहीत. आधी औषधाची बाटली खाली ठेवा.

निऑनला स्वतःचा प्रकाश नसतोच. पट्टीतल्या पेशींत ग्वानीन नावाच्या पदार्थाचे अतिशय पातळ पत्रे थरावर थर रचलेले असतात. बाहेरचा उजेड त्यांच्यावर पडून निळा-हिरवा होऊन परततो. अंधारात पत्र्यांची ठेवण बदलते आणि पट्टी जांभळट, काळपट होते. सोलापुरात चाटी गल्लीच्या साडीबाजारात धूपछाव साडी कलती करून बघा, रंग फिरतो. कारण वेगळं असलं तरी दिसायला तसंच. सकाळी उजेडात पट्टी आपोआप परत येते.

धडकांचं कारण डोळ्यात आहे. माशाला आपल्यासारख्या पापण्या नाहीत, आणि बहुतेकांची बाहुली उजेडात लहान होत नाही. डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी आणि रंगद्रव्य हळूहळू सरकून उजेडाशी जुळवून घेतात, त्याला अर्धा तास सहज लागतो. तुम्ही ते एका बटनात मागताय!

हे मी महागात शिकलो. एका उन्हाळ्यात संध्याकाळी लाइट गेले, टाकीचं बटन चालूच राहिलं आणि रात्री अडीचला लाइट आले. टाकीला झाकण नव्हतं. सकाळी दोन मासे फरशीला चिकटलेले. चूक माझीच.

तेव्हा आधी खिडकीचा पडदा उघडा किंवा खोलीतला दिवा लावा, अर्ध्या तासाने टाकीचा. दिवसाला आठ तास पुरे. दिवा आपोआप लावायला काटेवाला टायमर घेऊ नका. लाइट गेले की तोही थांबतो आणि सगळी वेळ पुढे सरकते. आत बॅटरी असलेला डिजिटल घ्या.

दुकानातले गुलाबी-हिरवे ‘ग्लो’ मासेही अंधारात चमकत नाहीत. त्यांच्यात जेलीफिश किंवा प्रवाळाचं जनुक घातलेलं असतं. ते निळा प्रकाश घेऊन दुसऱ्या रंगात परत देतात. दिवा बंद, खेळ बंद. सुई टोचून रंगवलेले काचमासे मात्र फुकटही घेऊ नका, बिचारे फार जगत नाहीत.

खरा दिवा समुद्रात. खोल पाण्यातल्या अँगलर माशाची मादी डोक्यावरच्या गळासारख्या अवयवात चमकणारे जिवाणू पाळते. लँटर्नफिश स्वतःच्या शरीरातल्या रसायनांतून उजेड काढतो. त्याच्या पोटाकडे दिव्यांचे ठिपके असतात, वरून झिरपणाऱ्या उजेडात खालून त्याची सावली दिसू नये म्हणून. काय डोकं आहे राव! गोड्या पाण्यात असा एकही मासा माहीत नाही. उजनी धरणातली चिलापी चमकली तर समजा कोणीतरी बॅटरी मारतोय.

एक मात्र बघा. भर दिवसाही पट्टी तुटक, फिकी राहिली आणि पाठीच्या मांसात पांढरट डाग दिसले, तर तो निऑनचा परजीवीचा रोग असू शकतो. त्यावर खात्रीचा इलाज नाही. तो मासा लगेच वेगळ्या भांड्यात काढा.