जपानी स्टाइल मिल्क टी घरी कसा करायचा? माझा दरवेळी आपल्या रोजच्या चहासारखाच होतो

तुम्ही लिहिलंय की ओसाकाला प्रोजेक्टवर असताना कॅफेतला रॉयल मिल्क टी आणि कोम्बिनीतला (तिथल्या चोवीस तास उघड्या छोट्या दुकानातला) बाटलीतला मिल्क टी दोन्हीची सवय लागली, आणि आता पुण्यात घरी करताय तर एकतर बिनआल्याचा आपलाच चहा होतो नाहीतर पांचट गोड दूध. आम्ही टोकियोत निशिकासाईला राहतो, इकडे मराठी घरं भरपूर आहेत आणि हा प्रश्न प्रत्येक भिशीत निघतोच, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या पद्धतीत एकच गोष्ट बदला, दूध आणि चहा एकत्र उकळू नका. बाकी ब्रँड, साखर, कप सगळं नंतर. तुम्ही लिहिलंय "दोन उकळ्या आणते", तिथेच तो आपला चहा झाला. आपल्या चहाला उकळीच लागते, कारण त्यात साखर दणकून असते, आलं वेलची असते आणि चहाचा कडकपणा त्या सगळ्यांना पुरून उरायला हवा असतो. रॉयल मिल्क टीमध्ये दुधाची गोडसर चव पुढे आणि चहा तिच्या मागे, पण ठसठशीत, असं पाहिजे. उकळलं की दुधाला तो शिजल्याचा वास येतो, वर साय धरते, आणि पावडरीतला सगळा तुरटपणा उतरतो, मग तो मारायला आपण अजून साखर घालतो आणि फिरून तिथेच येतो.

आता कृती. दोन कपांना 200 मिली दूध, 150 मिली पाणी, आणि चहा 7-8 ग्रॅम, म्हणजे आपली दाणेदार सीटीसी पावडर असेल तर साधारण अडीच लहान चमचे सपाट. अख्ख्या पानाचा चहा असेल तर 10 ग्रॅमपर्यंत जा. हो, हे जास्त वाटतं, मला माहितीये, पण इथे उकळून अर्क काढायचा नाहीये त्यामुळे पावडर थोडी सढळ हातानेच लागते. लोक रोजच्या मापाने घालतात आणि मग पांचट झाला म्हणतात.

त्या 150 मधलं 50 मिली पाणी वेगळं उकळून घ्या आणि एका वाटीत चहा पावडर घेऊन त्यावर कडकडीत ओता, झाकून ठेवा. ही पायरी सगळे गाळतात आणि हीच सगळ्यात महत्त्वाची. दुधात केसीन नावाचं प्रोटीन असतं, ते चहातल्या टॅनिनला, म्हणजे तुरटपणा आणणाऱ्या घटकाला, चटकन धरतं, कोरडी पत्ती सरळ दुधात टाकली की पानावरच त्याचा थर बसतो आणि रंग चव बाहेर यायला वेळ लागतो, म्हणून मग माणूस उकळत बसतो. आधी नुसत्या गरम पाण्यात पत्ती उघडू दिली की पुढचं काम दोन मिनिटांचं. वाटीत बघा, मिनिटभरात दाणे फुगून दुप्पट होतात आणि पाणी जवळजवळ काळं दिसतं, घाबरू नका, तसंच हवंय.

तोवर पातेल्यात उरलेलं 100 मिली पाणी आणि दूध एकत्र करून मध्यम आचेवर ठेवा. इथे मोबाईल बाजूला. कडेकडेने बारीक बुडबुडे यायला लागतील, मधला भाग अजून शांत असेल, वाफ चांगली निघायला लागेल, पृष्ठभाग नुसता थरथरल्यासारखा दिसेल, त्या क्षणी गॅस बंद. वर यायची वाट बघायची नाही. मग वाटीतली पत्ती तिच्या पाण्यासकट ओता, चमच्याने एकदाच हलकं फिरवा आणि झाकण ठेवा. सीटीसी असेल तर दोन-अडीच मिनिटं, अख्खं पान असेल तर चार. झाकण घट्ट बसणारं घ्या, कारण आता खाली आच नाहीये, आहे ती उष्णता टिकवायची आहे. गाळताना चोथा दाबू नका. आपल्याकडे गाळणीत चमचा घालून शेवटचा थेंब पिळायची सवय असते, इथे त्या शेवटच्या थेंबात फक्त कडवटपणा आणि गाळ येतो.

एवढंच आहे. जपानमध्ये चहाच्या पाकिटामागे, रेसिपीच्या साइट्सवर, थोड्याफार फरकाने हेच सापडतं.

आता रॉयल या नावामुळे ही काहीतरी इंग्लंडच्या राजवाड्यातली भानगड आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं काही नाही, हे नाव जपानमध्येच तयार झालेलं आहे, क्योटोच्या सान्जो भागातल्या लिप्टनच्या चहाच्या दुकानाने 1965 मध्ये ते मेनूवर आणलं असं सांगतात. लंडनमध्ये जाऊन कोणाला रॉयल मिल्क टी मागितला तर तो तुमच्या तोंडाकडे बघत बसेल. घरोघरी बाटलीतला चहा पोचला तो त्याच्या पुष्कळ नंतर, किरीनचा गोगो नो कोचा 1986 ला आला आणि आज कुठल्याही स्टेशनच्या व्हेंडिंग मशीनमध्ये थंडीत लाल पट्टीखाली गरम आणि बाकी वेळ निळ्या पट्टीखाली गार मिळतो.

आणि इथे तुमच्या प्रश्नातली एक गल्लत सोडवते. तुम्हाला दोन वेगवेगळ्या गोष्टी आवडतात आणि तुम्ही त्या एकाच पातेल्यात शोधताय. बाटलीतला मिल्क टी कॅफेसारखा लागत नाही कारण तो तसा केलेलाच नसतो, त्यात चहा बराच पातळ असतो, दुधाबरोबर दूध पावडर असते, वास घातलेला असतो आणि साखर भरपूर, अर्धा लिटरच्या बाटलीत सहज सातआठ चमचे होईल इतकी. तो आवडत असेल तर लाजायचं काही कारण नाही, मलाही उन्हाळ्यात आवडतो, पण त्यासाठी वरची कृती उपयोगाची नाही. त्याला अर्धा लिटर चहा नुसत्या पाण्यात करा, रोजच्यापेक्षा थोडा फिका, गाळून गरम असतानाच साखर आणि दोन मोठे चमचे भरून दूध पावडर घालून नीट विरघळवा, अगदी थोडं साधं दूध, आणि फ्रिजमध्ये गार करा. दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवा. चव नव्वद टक्के तीच येते, उरलेले दहा टक्के तो कृत्रिम वास आहे, तो घरात नकोच.

दुधाबद्दल. पुण्यात पिशवीचं दूध आणलं की आपण आधी तापवतो, साय काढतो आणि मग ते दिवसभर वापरतो. या चहाला ते तापवलेलं दूध नका घेऊ, एकदा शिजल्याचा वास त्यात आधीच उतरलेला असतो. पाश्चराइज्ड पिशवी थंड ठेवलेली असेल तर सरळ तीच फोडून ओता, तसंही आपण ते उकळीच्या जवळ नेतोच आहोत. गाईचं दूध घ्या. म्हशीचं किंवा फुल क्रीम, ज्यात 6 टक्के फॅट असतं, ते घेतलं तर चहा दबतो आणि जिभेवर तुपकट थर राहतो, तेच असेल घरात तर दूध 150 आणि पाणी 200 असं उलटं करा. इथे जपानमध्ये नेहमीचं दूध साडेतीन टक्क्यांच्या आसपासचं असतं आणि बहुतेक दूध 120-130 अंशाला दोनतीन सेकंद तापवलेलं असतं, म्हणजे तुमच्याकडचं टेट्रापॅक चालेल का या प्रश्नाचं उत्तर हो, खुशाल. चहाचे फारच शौकीन लोक 63 अंशाला अर्धा तास तापवलेलं दूध शोधून आणतात, चव खरंच हलकी लागते, पण त्याची किंमत बघून मी ते फक्त बघते.

पाणी बोअरचं असेल तर एकदा फिल्टरच्या पाण्याने करून बघा. जड पाण्यात चहाचा रंग मातकट येतो आणि वर तेलकट पापुद्रा धरतो, लोक त्याला साय समजतात. जपानचं पाणी बहुतेक ठिकाणी हलकं आहे आणि तिथल्या चहाचा रंग उजळ दिसण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

चहा कुठला घ्यायचा यावर तुम्ही तीन ब्रँड विचारलेत आणि जपानहून मागवू का असंही. मागवू नका हो. इथे रॉयल मिल्क टीसाठी दुकानात जे पाकीट पुढे करतात त्यावर बहुतेक वेळा आसाम लिहिलेलं असतं, आणि तेही बरेचदा सीटीसीच, म्हणजे आपल्या किराणा दुकानातलीच वस्तू छान छोट्या डब्यात. तुमच्याकडे कुठलीही बऱ्यापैकी दाणेदार आसाम असेल ती घ्या, फक्त डस्ट, म्हणजे अगदी बारीक भुकटी, नको, ती अर्ध्या मिनिटात कडू होते आणि गाळणीतून खालीही येते. श्रीलंकेचा उवा किंवा डिंबुला मिळाला तर मस्त, अर्ल ग्रे हा सुगंधी चहा पण चालतो, त्याचा वास दुधात छान बसतो. दार्जिलिंग दुधात घालून वाया घालवू नका.

मी मागवू नका म्हणतेय त्याचं अजून एक कारण, काही जण जपानमध्येच पिकलेला काळा चहा मुद्दाम मागवतात, ऑथेंटिक म्हणून. तो चहा फार चांगला असतो पण बहुतेक वेळा हलका, मधासारखा गोडसर, नुसता प्यायचा, दुधात तो कुठे गेला कळतही नाही. गंमत म्हणजे त्याचाही धागा आपल्याकडेच येतो. तादा मोतोकिची नावाचे एक माजी सामुराई होते, त्यांना 1876 मध्ये जपान सरकारने काळ्या चहाचं तंत्र शिकायला भारतात पाठवलं, ते आसाम दार्जिलिंग फिरले आणि येताना बिया घेऊन गेले, शिझुओकात लावल्या. त्या बियांच्या रोपांतून पुढे बेनिहोमारे नावाचं वाण निवडलं आणि 1953 मध्ये जपानच्या चहाच्या वाणांच्या नोंदणीत त्याला पहिला नंबर मिळाला. आज तिथल्या काळ्या चहासाठी जे बेनिफुकी वाण गाजतं ते बेनिहोमारेचंच पोर. त्यामुळे आसामची पावडर वापरताना आपण कॉपी करतोय असं वाटून घ्यायची गरज नाही.

साखर गाळल्यानंतर घाला, दोन कपांना दोन चमचे पुरतात, दुधाची गोडी असतेच. ओकिनावाची काळी साखर घातलेला प्रकार तुम्ही तिकडे प्यायला असणार, कोकुतो म्हणतात, ती उसाचा रस आटवून केलेली असते, म्हणजे आपल्या गुळाची सख्खी बहीण. गूळ घालून अगदी तसाच लागतो. फक्त गूळ पातेल्यात आचेवर घालू नका, दूध फाटतं कधीकधी, कपात किसून घ्या आणि वरून चहा गाळा, आणि शक्यतो काळपट गूळ घ्या, तो पिवळाधमक नको.

आलं वेलची घालू का? घाला की, तुमचं घर आहे, पण मग त्याला इथले लोक चाय म्हणतात, कॅफेच्या मेनूवर चाय आणि रॉयल मिल्क टी दोन वेगळ्या ओळीत असतात आणि चायमध्ये ते दालचिनी अशी मारतात की सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा एक घोट घेऊन म्हणाल्या, यात गरम मसाला कोणी टाकला.

गार हवा असेल तर पत्ती दीडपट करा, पाणी 100 वर आणा, साखर गरम असतानाच घाला आणि ग्लासभर बर्फावर एकदम ओता. हळूहळू गार होऊ दिला तर साय धरते आणि मग स्ट्रॉमध्ये ती अडकते, तो अनुभव टाळा.

स्टिकच्या पाकिटांचं, म्हणजे गरम पाण्यात ढवळायच्या मिल्क टी पावडरीच्या लांबट पुड्यांचं विचारलंत, निट्टो या जपानी ब्रँडची वगैरे, जी कोणीही जपानहून येताना पिशवी भरून आणतं. ऑफिसात ठीक आहेत. गरम पाणी पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा थोडं कमी घ्या आणि त्यात दोन चमचे दूध घाला, बरीच सुधारतात.

आणि शेवटचा तुमचा प्रश्न, आठ जणांना एकदम करायचा तर. माप चौपट करा पण वेळ चौपट नाही, उलट कमी, कारण दीड लिटरभर द्रव असला की गॅस बंद केल्यावरही पातेलं बराच वेळ तापलेलं राहतं आणि पत्ती आत कडू होत जाते. सीटीसी असेल तर दोन मिनिटांच्या आत गाळायला घ्या, मोठी गाळणी आणि दुसरं पातेलं आधीच ओट्यावर काढून ठेवा, सगळा एकदम गाळून मग कपात ओता. एकेक कप गाळत बसलात तर पहिल्या पाहुण्याला मिल्क टी मिळेल आणि आठव्याला काढा.