'नुसता सिद्धांत' असं मराठीत म्हणता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या शाळांमध्ये उत्क्रांती शिकवावी की नाही, या जुन्या भांडणावरचा एक लेख मराठीत आणताना 'इव्होल्यूशन इज अ थिअरी, नॉट अ फॅक्ट' या वाक्यापाशी गाडी अडली. 'उत्क्रांती हा सिद्धांत आहे, वस्तुस्थिती नाही' असं केलं तर व्याकरण ठीक, पण अर्थ कुठेतरी सांडतो. काय चुकतंय? त्याला जोडून आणखी दोन शंका: 'उत्क्रांतिवाद' की 'उत्क्रांतीवाद', आणि क्रिएशनिझमला, म्हणजे सजीव ईश्वराने निर्माण केले या मताला, मराठीत काय म्हणायचं?

चुकतंय ते तुमच्याकडून नाही. ते वाक्य मराठीत आलं की स्वतःचाच पाय ओढतं. सिद्ध अधिक अंत म्हणजे सिद्धांत, सिद्ध होऊन शेवटाला पोचलेलं मत. शास्त्रचर्चेची जुनी रीत अशी की आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं मत, मांडायचा, मग त्याचं खंडन, आणि घासूनपुसून जे उरेल तो सिद्धांत. तेव्हा 'हा नुसता सिद्धांत आहे' म्हणणं हे 'हा नुसता अंतिम निकाल आहे, अजून काही ठरलेलं नाही' म्हणण्यासारखं होतं. मी हे वाक्य एकदा दहावीतल्या भाचीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "नुसता म्हणजे? अजून काय हवं होतं त्यांना?" शब्दाची जाण असलेल्या कानाला पहिल्यांदा हेच खटकणार.

इंग्रजीत मात्र ते वाक्य चालतं, कारण 'थिअरी' हा शब्द दोन घरचा पाहुणा आहे. प्रयोगशाळेत थिअरी म्हणजे असंख्य निरीक्षणांची संगती लावणारं, पुन्हा पुन्हा तपासलेलं स्पष्टीकरण. गुरुत्वाकर्षणाची थिअरी, जंतूंमुळे रोग होतात ही थिअरी. चहाच्या टेबलावर मात्र थिअरी म्हणजे मनात आलेला अंदाज. (मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'पाहणं' असा आहे. म्हणजे कुळाने तो आपल्या 'दर्शन' या शब्दाच्या जवळचा, सिद्धांताच्या नव्हे.) पहिल्या अर्थाने शास्त्रज्ञ बोलतात, दुसऱ्या अर्थाने त्यांना पकडलं जातं.

या युक्तीला आपल्याकडे फार जुनं नाव आहे: वाक्छल. न्यायशास्त्राच्या, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्राच्या, सोळा पदार्थांत (विषयांत) 'सिद्धांत' आहे, 'वाद' आहे आणि 'छल'ही आहे. छलाचं ठरलेलं उदाहरण 'नवकंबल' या शब्दाचं. संस्कृतात 'नव' म्हणजे नवं आणि नऊही. एकजण म्हणतो, हा नवकंबल आहे, म्हणजे याच्याकडे नवं कांबळं आहे. दुसरा विचारतो, नऊ कुठे आहेत, मला तर एकच दिसतंय! बोलणाऱ्याने ज्या अर्थाने शब्द वापरला तो सोडून दुसरा अर्थ धरायचा आणि त्याला खोटं पाडायचं. 'थिअरी, नॉट अ फॅक्ट' हे मला तरी नवकंबलाचं धाकटं भावंडच वाटतं.

आणि हे केवळ बोलण्यापुरतं राहिलेलं नाही. जॉर्जिया राज्यातल्या कॉब काउंटीत २००२ साली शाळेच्या जीवशास्त्राच्या पुस्तकांवर चिठ्ठ्या चिकटवल्या गेल्या. मजकूर साधारण असा: या पुस्तकात उत्क्रांतीविषयी मजकूर आहे, उत्क्रांती ही सजीवांच्या उगमाबद्दलची थिअरी आहे, फॅक्ट नाही, हा मजकूर खुल्या मनाने, काळजीपूर्वक आणि चिकित्सक बुद्धीने अभ्यासावा. शेवटचं वाक्य कोणत्याही पुस्तकावर शोभेल असं आहे. पण ते कोणत्याही पुस्तकावर नव्हतं, नेमक्या याच विषयावर होतं, आणि सगळी गोम तिथेच. २००५ साली न्यायालयाने चिठ्ठ्या काढायचा आदेश दिला. अपिलात तो निकाल रद्द होऊन प्रकरण खाली परत आलं, तरी २००६ मध्ये तडजोड झाली आणि चिठ्ठ्या काही परत लागल्या नाहीत.

पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरची गंमत याहून मोठी. तिथल्या शाळामंडळाने ठरवलं की नववीच्या वर्गात जीवशास्त्राच्या तासाला एक निवेदन वाचून दाखवायचं: डार्विनची थिअरी ही थिअरी असल्यामुळे तिची अजून तपासणी चालू आहे, ती फॅक्ट नाही, तिच्यात फटी आहेत. शिक्षकांनी वाचायला नकार दिला, म्हणून प्रशासनातली माणसं वर्गात येऊन वाचून गेली. त्याच निवेदनात पुढे थिअरीची व्याख्याही दिलेली होती: विस्तृत निरीक्षणांना एका सूत्रात बांधणारं, नीट तपासलेलं स्पष्टीकरण. म्हणजे एकाच कागदावर कांबळं नवंही होतं आणि नऊही होतं.

आता तुमचं वाक्य. मराठीत एकच शब्द दोन्हीकडे पुरत नाही, म्हणून माझा सल्ला जरा अप्रिय वाटेल: अवतरणात 'थिअरी' तसाच ठेवा. एरवी मी इंग्रजी शब्दांचा फार लाड करणाऱ्यातला नाही. पण मराठी बोलीत 'थिअरी' आलाय तो दोन्ही अर्थ घेऊनच. 'त्याची आपली एक थिअरी आहे' असं आपण म्हणतो तेव्हा त्या बिचाऱ्याच्या मताला सिद्धांताचा मान देत नसतो. (थिअरीचा पेपर आणि प्रॅक्टिकलचा पेपर हा तिसराच अर्थ, तो इथे नको.) तेव्हा 'उत्क्रांती ही थिअरी आहे, फॅक्ट नाही' असं ठेवून पुढच्याच वाक्यात सांगा की विरोधक थिअरी म्हणजे 'नुसता तर्क' असं घेतात आणि शास्त्रज्ञ 'सिद्धांत' या अर्थाने. थेट मराठीच हवं असेल तर विरोधकांच्या तोंडी 'तर्क' घाला: 'उत्क्रांती हा एक तर्क आहे, वस्तुस्थिती नाही.' फक्त मग शास्त्रज्ञाच्या उत्तरातली 'थिअरीचा अर्थ तो नव्हे' ही ओळ अधांतरी राहते, हे लक्षात असू द्या.

'गृहीतक' वापरू नका. भूमितीत गृहीतक म्हणजे सिद्ध न करता मान्य केलेलं विधान, आणि इथे ते भलतीच पंचाईत करेल. हायपोथिसिससाठी 'परिकल्पना' बरा. 'उपपत्ती' (कारणं देऊन केलेली उकल) हा शब्द माझ्या आवडीचा, जुन्या मराठी शास्त्रीय लेखनात दिसतो. पण आज तो वाचून किती जणांना अर्थ लागेल याची खात्री नाही. 'फॅक्ट'साठी 'तथ्य' चालेल, तरी मराठीत 'त्यात काही तथ्य नाही' म्हणताना आपण 'तथ्य' हे 'दम', 'खरेपणा' या अर्थाने वापरतो. 'तीन तथ्ये समोर आली' ही हिंदीची सावली. वस्तुस्थिती बरी.

वाद हा शब्द मात्र नीट उलगडायला हवा, कारण खरी गफलत तिथे होते. 'उत्क्रांतिवाद' घडवणाऱ्यांनी काही चूक केली नव्हती. सत्कार्यवाद, परिणामवाद, विवर्तवाद, परमाणुवाद या भारतीय दर्शनांतल्या नावांच्या परंपरेत 'वाद' म्हणजे एखाद्या गोष्टीची उपपत्ती सांगणारी मांडणी. 'सापेक्षतावाद' त्याच साच्यातला, आणि आइन्स्टाइनचे अनुयायी झेंडे घेऊन मोर्चा काढतील अशी भीती तो ऐकून कोणाला वाटत नाही. पण पुढे समाजवाद, साम्यवाद, राष्ट्रवाद असे इझमवाले वाद इतके झाले की 'वाद' म्हटलं की एक मतप्रणाली आणि तिचे वादी डोळ्यांसमोर येतात. शिवाय वाद म्हणजे भांडण हा रोजचा अर्थ आहेच. परिणाम असा की 'उत्क्रांतिवाद विरुद्ध निर्मितिवाद' असा मथळा वाचला की दोन उमेदवार समोरासमोर उभे आहेत आणि निवड आपल्यावर सोडली आहे असं वाटतं. लुइझियानाने १९८१ साली नेमकं हेच कायद्यात मांडलं होतं: उत्क्रांती शिकवाल तर 'निर्मितिविज्ञान'ही शिकवा, दोघांना समतोल वागणूक. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा १९८७ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी घटनाबाह्य ठरवला, कारण त्याचा हेतू धार्मिक होता. कायद्याला जे जमलं नाही ते आपला प्रत्यय एका मथळ्यात करून टाकतो! म्हणून मी एका बाजूला 'उत्क्रांती' किंवा 'उत्क्रांतीचा सिद्धांत' लिहितो आणि 'वाद' दुसऱ्या बाजूलाच ठेवतो. हा पक्षपात आहे का? असेल. पण शब्दानेच दोघांना एका पाटावर बसवणं हाही पक्षपातच.

ऱ्हस्व-दीर्घाचं लगेच उरकतो. सुटा शब्द 'उत्क्रांती', 'निर्मिती', दीर्घ. समासात पूर्वपदी आला की तत्सम इकारान्त शब्द मूळचा ऱ्हस्व राहतो: बुद्धिवैभव, तसं उत्क्रांतिवाद, निर्मितिवाद. 'उत्क्रांतीवाद' सर्रास दिसतो, पण नियमाला धरून नाही. 'उत्क्रांतीचा' मध्ये मात्र दीर्घच, कारण तो समास नाही, विभक्ती आहे.

'उत्क्रांती' या शब्दाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी राहवत नाही. उत् म्हणजे वर किंवा बाहेर, क्रम् म्हणजे पाऊल टाकणं. संक्रांत, अतिक्रमण, पराक्रम ही सगळी त्याच घरातली. संस्कृतात उत्क्रांती म्हणजे जिवाने देहातून निघून जाणं. ब्रह्मसूत्रांत 'उत्क्रान्तिगत्यागतीनाम्' आहे, गीतेच्या पंधराव्या अध्यायात 'उत्क्रामन्तम्' आहे, दोन्हीकडे विषय मरणाचा. मराठीने तो शब्द उचलून जीवसृष्टीच्या वाढीला लावला, ही धिटाई मला आवडते. पण त्यातला 'उत्' छळतो. ऐकणाऱ्याला वाटतं की सजीव पायरी पायरीने वर चढतायत आणि शेवटच्या पायरीवर आपण आहोत. डार्विनचा आवडता शब्दप्रयोग उलट दिशेचा होता: 'डिसेंट विथ मॉडिफिकेशन', बदलत बदलत वंश खाली उतरत येणं, वंशावळीत आजोबा वर आणि नातू खाली असतो तसं. १८५९ च्या त्याच्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत 'इव्होल्यूशन' हे नाम नाहीच. शेवटचा शब्द तेवढा 'इव्हॉल्व्ह्ड' आहे. नाम आलं ते १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत. त्याच्या शब्दात उतरण, आपल्या शब्दात चढण. टेनेसी राज्याच्या १९२५ च्या ज्या कायद्याखाली जॉन स्कोप्स या शिक्षकावर डेटन गावात खटला चालला, त्यातही 'डिसेंडेड' हेच क्रियापद आहे: मनुष्य खालच्या प्रतीच्या प्राण्यांपासून उतरला असं शिकवायला बंदी. मराठीत हे आणताना 'उत्क्रांत झाला' लिहिलंत तर कायदा करणाऱ्यांना जी बोच होती ती जाईल. त्यांना वर चढल्याचं दुःख नव्हतं, कुळाचं होतं. 'खालच्या प्राण्यांच्या वंशातला आहे' असं केलंत तर बोच राहील.

आणखी एक बारीक जागा. लेखात 'डू यू बिलीव्ह इन इव्होल्यूशन' येणारच. 'तुम्ही उत्क्रांती मानता का' असं करू नका. मराठीत देव मानतात, भूत मानतात, शकुन मानतात. उत्क्रांतीसाठी 'पटते का' बरं. पटण्याला कारण विचारता येतं, मानण्याला विचारलं तर माणूस रागावतो.

आता क्रिएशनिझम. 'सृजनवाद' नको. मराठीत सृजन म्हटलं की कविता आणि चित्रकला आठवते. 'निर्मितिवाद' सुटसुटीत आहे, रूढही होतोय. पहिल्या उल्लेखाला 'ईश्वरनिर्मितिवाद' लिहून पुढे 'निर्मितिवाद' ठेवा, म्हणजे निर्मिती कोणाची हा प्रश्न उरत नाही. पण लेखात 'इंटेलिजंट डिझाइन' आलं तर तिथे ईश्वर घालू नका. तो शब्दप्रयोग पुढे केला गेला तोच ईश्वराचं नाव न घेता तेच सांगता यावं म्हणून, आणि अनुवादकाने त्याला आत आणलं तर लपवाछपवी दिसणारच नाही. 'बुद्धियुक्त रचना' हे शब्दशः झालं. मी 'सहेतुक रचना' घेईन. नुसत्या 'रचना' या शब्दाला मराठीत रचणारा लागतोच असं नाही, आपण शरीररचना म्हणतो, तेव्हा 'सहेतुक' हवंच.

ही लपवाछपवी उघडी पडली ती एका मुद्रणदोषाने, आणि मुद्रितं तपासणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट जपून ठेवावी अशी आहे. डोव्हरच्या त्याच शाळेत सहेतुक रचनेसाठी एक पूरक पुस्तक सुचवलं होतं. डोव्हरच्या या प्रकरणावर २००५ मध्ये खटला चालला, त्यात त्या पुस्तकाचे जुने मसुदे न्यायालयात आले. लुइझियानाच्या कायद्यावरच्या १९८७ च्या निकालाआधीच्या मसुद्यांत 'क्रिएशनिस्ट्स' असा शब्द होता, निकालानंतर त्या जागी 'डिझाइन प्रोपोनंट्स' आलं, वाक्य मात्र तेच. एका ठिकाणी बदलणाऱ्याचा हात घसरला आणि जुन्या शब्दाचं पहिलं अक्षर पुढे आणि शेपूट मागे राहून गेलं: 'सीडिझाइन प्रोपोनंट्सिस्ट्स'. मराठीत 'निर्मितिवादी' खोडून 'रचनासमर्थक' बसवताना 'निरचनासमर्थकवादी' असं छापून यावं, तसं. उत्क्रांतीत मधले दुवे सापडत नाहीत अशी ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच मसुद्यात मधला दुवा सापडला.