इंग्लंडच्या अगदी सुरुवातीच्या क्रिकेटमधला असा कोणता बोलर आहे ज्याचं नाव कुणाला माहीत नाही पण ज्याच्यामुळे खेळ बदलला?

माझं उत्तर एकच, लम्पी स्टीव्हन्स. खरं नाव एडवर्ड स्टीव्हन्स, जन्म 1735 चा, इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या सेंड गावचा. व्यवसायाने माळी. वॉल्टन-ऑन-थेम्सला अर्ल ऑफ टँकरव्हिल नावाचे उमराव होते त्यांच्या बागेत कामाला होता आणि हे अर्ल क्रिकेटवेडे, त्यामुळे माळ्याच्या बोलिंगवर त्यांनी भरपूर पैजा लावल्या. तेव्हा क्रिकेट चालायचंच पैजांवर.

आज तीन स्टंप आहेत ना, त्यातला मधला स्टंप या माणसामुळे आला. 22 मे 1775 ला लंडनच्या आर्टिलरी ग्राउंडवर पाच-पाच जणांची सिंगल विकेट मॅच होती, म्हणजे एका वेळी एकच बॅट्समन खेळणार, एका बाजूला हॅम्बलडन या तेव्हाच्या नामांकित क्लबचे पाच आणि दुसऱ्या बाजूला केंटचे पाच, आणि लम्पी सरेचा असूनही केंटकडून खेळत होता, तेव्हा असे खेळाडू उसने घेणं नेहमीचंच होतं. हॅम्बलडनचा शेवटचा बॅट्समन जॉन स्मॉल आत आला तेव्हा जिंकायला 14 रन हव्या होत्या. स्मॉल म्हणजे त्या काळातला सगळ्यात भरवशाचा बॅट्समन. आणि लम्पीने त्याला एकदा नाही, दोनदा नाही, तीन वेळा बीट केलं, तिन्ही वेळा बॉल बरोब्बर विकेटमधून आरपार गेला, पण स्टंप तेव्हा दोनच, वर एक बेल, मधे नुसती मोकळी जागा! बेल हललीच नाही, स्मॉल नॉट आउट, आणि त्याने त्या 14 रन काढून मॅच जिंकून दिली.

1744 च्या नियमांप्रमाणे विकेट 22 इंच उंच आणि 6 इंच रुंद असायची. बॉल पावणेतीन-तीन इंचांचा धरा. म्हणजे जो बोलर अगदी मधोमध टाकेल त्यालाच शिक्षा आणि जरा बाजूला टाकणाऱ्याचा बॉल स्टंपला लागून विकेट मिळणार. हे किती अन्यायाचं आहे ते त्या दिवशी पैसे लावून बसलेल्या सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं आणि त्यानंतर थोड्याच काळात तिसरा स्टंप वापरात यायला लागला.

पण मला विचाराल तर लम्पीचं मोठेपण या स्टंपच्या गोष्टीत नाहीये, ते त्याच्या लेंग्थमध्ये आहे, म्हणजे बॉलचा टप्पा हवा तिथे पाडण्यात. त्या आधी बॉल जमिनीवरून सरपटत टाकायचे, म्हणून बॅटपण खाली वाकडी, हॉकी स्टिकसारखी असायची. नंतर बोलर बॉल हवेतून टाकून टप्पा द्यायला लागले, हात खालूनच, अंडरआर्म, पण टप्पा कुठे पडणार हे बोलर ठरवणार. या कलेत लम्पी त्याच्या पिढीतला सगळ्यात अचूक मानला जायचा. त्याच्याबद्दल असं सांगतात की चर्टसी क्लबच्या मैदानावर पिचवर पक्ष्याचं एक पीस ठेवलं होतं आणि चार बॉलमध्ये एकदा तरी त्यावर टप्पा टाकायचा अशी 100 पौंडांची पैज अर्लनी लावली होती आणि लम्पीने ती त्यांना जिंकून दिली. ओव्हर तेव्हा चारच बॉलची असायची. असे टप्पे पडायला लागल्यावर वाकडी बॅट काय कामाची, सरळ बॅट धरून खेळावंच लागलं, आणि सरळ बॅटने खेळण्याचं श्रेय ज्याला देतात तो हाच जॉन स्मॉल, पीटर्सफिल्डला तो स्वतः बॅट आणि बॉल बनवायचा. म्हणून मला ती 1775 ची मॅच इतकी आवडते, नवी बोलिंग आणि तिच्यावरचा उपाय समोरासमोर!

डोकंपण तेवढंच चालायचं त्याचं. त्या काळात पिच तयार करून ठेवलेलं नसायचं, मेंढ्यांनी चरलेलं गवताचं मैदान असायचं आणि विकेट कुठे रोवायची हे ठरवण्याचा हक्क पाहुण्या टीमला असायचा. लम्पी मुद्दाम छोटासा उंचवटा शोधायचा म्हणजे बॉल त्यावरून उताराला लागून एकदम खाली राहायचा, शूटर. त्याच्यानंतरचा हॅम्बलडनचा डेव्हिड हॅरिस बरोबर उलटं करायचा, चढ शोधायचा म्हणजे बॉल उसळेल. पिच वाचणं म्हणतात ते हेच, आणि हे दोघं तब्बल अडीचशे वर्षांपूर्वी करत होते.

मग तो विस्मरणात का गेला? माझ्या मते मोठं कारण स्कोअरकार्ड. तेव्हा बोल्ड केलं तरच विकेट बोलरच्या नावावर लिहायचे, कॅच गेला तर नाव फक्त कॅच घेणाऱ्याचं. बोलरने किती बॉल टाकले, किती रन दिल्या, काही नाही. त्यामुळे लम्पीचे जे आकडे दिसतात ते अर्धवट आहेत आणि त्यावरून त्याला मोजणं चूकच. बॅट्समनच्या रन मात्र नावानिशी लिहून ठेवल्यात, म्हणून स्मॉलचा हिशोब आज लावता येतो आणि ज्याने त्याला तीनदा हरवलं त्याच्या खात्यात त्या तीन बॉलचं काहीच नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं.

त्या काळच्या लोकांना मात्र त्याची किंमत होती. केंटमधल्या नोल हाउसमध्ये, म्हणजे ड्यूक ऑफ डॉर्सेटच्या वाड्यात, त्याचं तैलचित्र आहे, एका माळ्याचं! 1819 मध्ये वॉल्टनलाच तो गेला, तिथल्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं आणि त्याच्या थडग्यावरचा दगडही टँकरव्हिल घराण्यानेच बसवला. नेटवर शोधणार असाल तर लम्पी स्टीव्हन्स याच नावाने शोधा, एडवर्ड स्टीव्हन्स टाकलंत तर भलतेच लोक येतात.