डेल्फ्टची प्लेट शोकेसमध्ये, जयपूरचा बाऊल चाव्यांना

प्रश्न: भावाने नेदरलँड्सहून डेल्फ्टची निळी-पांढरी प्लेट आणली, ती आम्ही शोकेसमध्ये ठेवलीय. आणि जयपूरहून मी स्वतः आणलेला ब्लू पॉटरीचा बाऊल दाराजवळ, चाव्या टाकायला. परवा लेक म्हणाली, आई हा तुझा बायस आहे. मी म्हटलं, अगं डेल्फ्ट म्हणजे ओरिजिनल, खाली शिक्कासुद्धा आहे, जयपूरचं आपलं त्याच्यासारखं काहीतरी. तर ती हसायलाच लागली. खरंच बायस आहे का, आणि असला तर ओळखायचा कसा?
– एक वाचक, पुणे

उत्तर: ताई, लेकीचं बरोबर आहे. पण वाईट वाटून घेऊ नका, निम्म्या घरांतली शोकेस अशीच लागलेली असते.

आधी ते 'ओरिजिनल' बघू. डेल्फ्टचं काम म्हणजे मुळात चिनी पोर्सलीनची, म्हणजे चीनमधल्या पांढऱ्याशुभ्र चिनी मातीच्या भांड्यांची, नक्कलच. १७व्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनी जहाजं भरभरून चिनी माल आणायची, मग १६४४ ला मिंग राजवट कोसळली, तिकडच्या गोंधळात माल येणं कमी झालं आणि डेल्फ्टच्या कुंभारांचं फावलं. पोर्सलीनची माती त्यांच्याकडे नव्हतीच, म्हणून साध्या मातीच्या भांड्यावर कथिलाचं पांढरं ग्लेझ (काचेसारखा चकचकीत लेप) चढवायचं आणि वर निळं रंगवायचं. जुन्या डेल्फ्ट प्लेटचा टवका उडाला असेल तर तिथे बघा, पांढऱ्याच्या आत पिवळट माती दिसते. चिनी पोर्सलीन आतपर्यंत पांढरं.

मग चीन तरी ओरिजिनल का? तर १४व्या शतकात चिंगदेचनचे, म्हणजे चीनमधल्या पोर्सलीनच्या गावचे, कुंभार चांगला निळा रंग यावा म्हणून कोबाल्ट मागवायचे ते इराणकडून. आणि त्याच्याही पाचेकशे वर्षं आधी इराकात, बसऱ्याला, चिनी पांढरी भांडी बघून तिथले कुंभार तशी करायला गेले, माती तशी नाही म्हणून कथिलाचं ग्लेझ वापरलं आणि वर कोबाल्टने निळी नक्षी काढली. तीच कथिलाची युक्ती पुढे स्पेन, इटली करत हॉलंडला पोचली! म्हणजे कोण कोणाची कॉपी हे ठरवायला बसलात तर संध्याकाळ होईल. (दिल्लीत फिरोजशाह कोटल्याला १४व्या शतकातली चिनी निळी-पांढरी भांडी सापडलीत, त्यामुळे हे प्रकरण आपल्याकडे काल-परवा आलेलं नाही.)

आता तुमचा बाऊल. जयपूरच्या ब्लू पॉटरीत नेहमीची कुंभाराची माती नसतेच. क्वार्ट्झची पूड, काचेची पूड, थोडी मुलतानी माती आणि डिंक असं मळून साच्यात घालतात, कारण हा गोळा चाकावर नीट उभा राहत नाही. बंद पडत आलेलं हे काम नव्याने उभं करण्यात मोठा वाटा कृपाल सिंह शेखावतांचा, शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार, १९७४ ला पद्मश्री. तरी जयपूरला आपण शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो आणि डेल्फ्टच्या दुकानात गुपचूप कार्ड पुढे करतो. बायस शोधायचा तर, मी म्हणेन, तिथे शोधा.

शिक्क्याचं म्हणाल तर खुद्द चिंगदेचनमध्ये कांगशी बादशहाच्या काळात (१६६२ ते १७२२) दोनशे वर्षांपूर्वीच्या चेंगहुआ बादशहाचा शिक्का सर्रास लिहायचे, बऱ्याचदा फसवायला नव्हे, तर जुन्याचा मान म्हणून. त्यामुळे नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका.

एक करा, भिंग घेऊन दोन्ही वस्तू खिडकीपाशी न्या. कुंचल्याची रेघ कुठे जाड कुठे बारीक होते, वळणावर रंग साचतो. छापलेली असेल तर रेघ एकसारखी, कधी बारीक ठिपके दिसतात. डेल्फ्टला टुरिस्टांसाठी मिळणाऱ्या बऱ्याच प्लेट छापील असतात हो, आणि जयपूरचं काम अजूनही बहुतेक हाताने रंगवलेलं. तुमची कुठली काय निघते ते कळवा. भावाला सांगायचं की नाही हे मात्र तुम्हीच ठरवा.