सही माझी, कारभार त्यांचा : एका महिला सरपंचाच्या भीतीविषयी

ग्रामपंचायत निवडणुकीचे निकाल लागून काही महिने उलटले की समुपदेशनासाठी येणाऱ्या महिलांकडून एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत ऐकायला मिळतो : "निवडून तर आले, पण मला हे झेपेल का? आणि कारभार खरोखरच हाती घेतला, तर घरात शांतता राहील का?" नातेवाईक, अधिकारी आणि कधी कधी प्रशिक्षकसुद्धा या प्रश्नाला 'आत्मविश्वासाचा अभाव' असे नाव देऊन मोकळे होतात. माझा अनुभव वेगळा आहे. तो सांगण्यासाठी मराठवाड्यातील एका सरपंचताईंची हकिकत, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून, येथे मांडते.

ताईंना प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवले होते. मासिक सभेच्या आदल्या रात्री झोप न लागणे, सभेच्या दिवशी छातीत धडधड आणि हातांना कंप, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. तपासण्यांत दोष आढळला नव्हता. सरपंचपद महिलेसाठी राखीव निघाल्यामुळे त्या उभ्या राहिल्या होत्या. त्याआधी कित्येक वर्षे गावात राजकारण केले होते ते त्यांच्या पतीने, आणि निवडणुकीचा खर्चही त्यांनीच उचलला होता. "मॅडम, सही माझी असते, पण कशावर केली ते मला घरी आल्यावर कळतं," असे त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या.

अशा वेळी भीतीचा सरसकट विचार न करता तिचे घटक वेगळे काढावे लागतात. ताईंच्या भीतीचा मोठा भाग आजार नव्हता, तर परिस्थितीचे अचूक आकलन होते. ग्रामपंचायतीच्या निधीतून होणाऱ्या खर्चाला सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) दोघेही जबाबदार असतात, आणि कर्तव्यात कसूर किंवा गैरवर्तन सिद्ध झाल्यास महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ प्रमाणे सरपंचाला पदावरून दूर करता येते. आता देयके ऑनलाइन निघतात आणि त्यासाठी लागणाऱ्या डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल (संगणकाला जोडायचे पेन ड्राइव्हसारखे छोटे उपकरण) ताईंच्या नावाचे असले, तरी ते त्यांच्या पतीच्या खिशात असे. ओटीपी येणारा मोबाइलही पतीकडेच होता. जी व्यक्ती न वाचलेल्या कागदांना जबाबदार आहे, तिला झोप न येणे हे शहाणपणाचेच लक्षण आहे, असे मी त्यांना सांगितले. त्यावर त्या प्रथमच मोकळेपणाने हसल्या.

त्यानंतर मी त्यांना बचत गटाबद्दल विचारले. गटाचा हिशेब त्याच ठेवत होत्या, कर्जाच्या हप्त्यासाठी बँकेच्या व्यवस्थापकाशी त्याच वाद घालत होत्या, आणि थकबाकीदार महिलेच्या दारात जाऊन पैसे मागण्याचे कठीण कामही त्यांनीच केले होते. त्या वेळी हात कापत होते का, असे विचारल्यावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या. बँकेत न घाबरणारी बाई ग्रामपंचायतीत घाबरत असेल, तर दोष तिच्या स्वभावात शोधण्याऐवजी त्या दोन जागांमधील फरक पाहायला हवा. गटाच्या बैठकीत निर्णय बैठकीतच होतो. ग्रामपंचायतीचा निर्णय मात्र आदल्या रात्री पारावर किंवा हमरस्त्यावरील ढाब्यावर होत असे आणि सभेत उरे तो फक्त सहीचा सोपस्कार. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून किमान एक तृतीयांश जागा आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये निम्म्या जागा महिलांना दिल्या, परंतु ढाब्यावरच्या त्या बैठकीला कोणतेही आरक्षण लागू होत नाही.

म्हणून आम्ही भाषणाचा सराव केला नाही. सराव केला तो एकाच वाक्याचा : "हा विषय वाचून दाखवा, मग पुढे जाऊ." विषयपत्रिका आधी मागून घ्यायची, न कळलेल्या शब्दांवर खूण करायची आणि इतिवृत्त वाचून झाल्याशिवाय सही करायची नाही, एवढेच ठरले. धडधड सुरू झाल्यास श्वास कसा संथ करायचा हेही शिकवले, पण खरे सांगायचे तर त्याचा वाटा लहान होता. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. ती सभा त्यांच्या गावात कागदावर होत होती, ती त्यांनी प्रत्यक्ष घेतली आणि टँकर कोणत्या वस्तीवर किती वाजता यायचा याचे वेळापत्रक तिथे ठरवले. मृणाल गोरे १९६१ मध्ये मुंबई महापालिकेत निवडून गेल्या आणि 'पाणीवाली बाई' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या, ही माहिती मी त्यांना या निमित्ताने दिली, कारण पाण्याचा प्रश्न 'बायकांचा' म्हणून क्षुल्लक मानणाऱ्या सदस्यांना द्यायला त्यांना उत्तर हवे होते.

पतींना बोलावल्यावर चित्र अधिक स्पष्ट झाले. ते दुष्ट नव्हते, मारहाण करणारे नव्हते; त्यांच्या महत्त्वाकांक्षेची वाट आरक्षणाच्या सोडतीने अडवली होती आणि "लोक मला बायकोच्या ताटाखालचं मांजर म्हणतील" ही धास्ती त्यांना होती. मी त्यांना एवढेच विचारले की उद्या चौकशी लागली तर नोटीस कोणाच्या नावाने येईल. महिला प्रतिनिधींच्या नावाने पतींनी कारभार करण्याचा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२३ मध्ये केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने त्यावर समिती नेमली, हेही त्यांच्या कानावर घातले. डोंगल आणि तो मोबाइल त्याच आठवड्यात ताईंकडे आले. पतींचा गावातील अनुभव दोघांनाही उपयोगी होता, म्हणून सल्ला घरी द्यायचा आणि सभेच्या खोलीत यायचे नाही, अशी वाटणी त्यांनी स्वतःच केली. ती नेहमीच पाळली गेली असे मात्र नाही.

खरी परीक्षा गटाराच्या कामाच्या देयकावर झाली. मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे प्रत्यक्ष झालेल्या कामाची मापे लिहिण्याच्या वहीत, नोंद नसताना ताईंनी सही नाकारली, तेव्हा एका सदस्याने अविश्वास ठरावाची धमकी दिली आणि त्यांची झोप पुन्हा उडाली. आम्ही कायद्याची प्रक्रिया समोर ठेवून वाचली. थेट जनतेतून निवडून आलेल्या सरपंचाविरुद्ध तहसीलदारांकडे नोटीस, विशेष सभा, तीन चतुर्थांश बहुमत आणि त्यावर ग्रामसभेची मान्यता, एवढ्या पायऱ्या असतात हे कळल्यावर त्यांनी आपल्या बाजूचे सदस्य बोटांवर मोजले. ते पुरेसे होते. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जळगाव जिल्ह्यातील एका महिला सरपंचांना पुन्हा पदावर बसवले होते, त्या निकालाची बातमी त्यांनी मोबाइलमध्ये जपून ठेवली आहे.

सर्वांत कठीण भाग चारित्र्यावरील शिंतोड्यांचा होता आणि त्यावर माझ्याकडे समाधानकारक उपाय नाही. ताई पंचायत समितीच्या कार्यालयात एकट्या जाऊ लागल्या, तशा गावच्या व्हॉट्सॲप गटात सूचक विनोद फिरू लागले. दुर्लक्ष करा, हा सल्ला अशा वेळी क्रूर ठरतो, कारण सासू आणि शाळेत जाणारी मुलगी तेच वाचत असतात. त्यांनी दोन महिला सदस्यांना सोबत नेण्याची पद्धत पाडली, संदेशांचे स्क्रीनशॉट जपून ठेवले आणि घरात हा विषय स्वतःहून काढला. या टप्प्यावर पतींची भूमिका निर्णायक ठरली : विनोद करणाऱ्याला त्यांनी पारावर, चारचौघांत जाब विचारला. त्यानंतर गटातील असे संदेश कमी झाले, थांबले नाहीत.

हाच प्रश्न घेऊन येणाऱ्या इतर महिलांना मी आता आधी कागदांबद्दल विचारते : इतिवृत्ताची वही शेवटची कधी पाहिली, खात्यावर किती रक्कम आहे, डोंगल कोणाकडे असते. या प्रश्नांची उत्तरे मिळवायला लागल्यावर बऱ्याच जणींची धडधड ओसरते. ज्यांची ओसरत नाही, त्यांच्यासाठी अर्थातच उपचाराचा विचार करावा लागतो.

ताईंना आता सभेच्या आदल्या रात्री झोप लागते. पुढच्या वेळी पंचायत समितीच्या गणातून (मतदारसंघातून) उभे राहण्याचा विचार त्या बोलून दाखवतात. तो गण महिलांसाठी राखीव निघाला नाही, तर उमेदवारी त्यांनी मागायची की पतीने, हा प्रश्न दोघांनी अजून एकमेकांना विचारलेला नाही. पुढच्या भेटीसाठी ताईंनी हाच विषय सुचवला असून पतींनाही सोबत आणणार असल्याचे कळवले आहे.