महामारीचा आदिवासींवर आणि शाश्वत विकासावर काय परिणाम होतो?

तुमचा प्रश्न साऱ्या जगाबद्दल आहे. मी नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यात आश्रमशाळेत शिकवतो, त्यामुळे आमच्या डोंगरातलं सांगतो.

२५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली. त्या दिवशी पाडवा होता आणि रानात मोहफुलं गळत होती. आधी मोह, मग तेंदूपत्ता. इथल्या गोंड, कोलाम, आंध घरांत पेरणीचं बियाणं बहुतेक याच दोन महिन्यांच्या पैशातून येतं. फुलं वेचून झाली, अंगणात वाळलीही, पण आठवडी बाजार बंद. माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजीनं दोन पायल्या मोहफुलं देऊन दारावर आलेल्या माणसाकडून मीठ-मिरची घेतली. पायली तिचीच होती, भाव मात्र त्याचा. रेशनचा तांदूळ मिळाला, हे खरंच. पण तेल-मिठाला रोख पैसे लागतात. हमीभावानं फुलं घ्यायला आमच्या पोडावर, म्हणजे डोंगरातल्या वस्तीवर, कोणी आलं नाही. मग बियाण्यासाठी उचल घेतली आणि ती फेडायला दिवाळीनंतर अख्खं घर ऊसतोडीला गेलं, पोरांसकट.

शाळा बंद म्हणजे आमच्याकडे दोन वेळचं जेवणही बंद. ऑनलाइन शिक्षणाचं तर बोलूच नका, टेकडीवर चढल्याशिवाय रेंज नाही. घरी कोलामी बोलणारी एक मुलगी चौथीत मराठी धडा घडाघडा वाचायची. शाळा नीट सुरू झाल्यावर तीच जोडाक्षरापाशी थांबून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. ती निदान परत आली. आठवीतल्या दोघींची तोवर लग्नं लागली होती.

औरंगाबादजवळच्या करमाडची घटना तुम्हाला आठवत असेल. ८ मे २०२० च्या पहाटे, जालन्याहून भुसावळकडे चालत निघालेले १६ मजूर रुळांवर झोपेतच मालगाडीखाली गेले. शहडोल-उमरियाकडची माणसं, त्यांत बरेच गोंड. रुळांवर पडलेल्या त्या पोळ्यांचा फोटो पाहून आमच्या पोडावर कित्येक घरांत चूल पेटली नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं ठरवली. त्यात भूक, शिक्षण, जंगल वेगवेगळ्या रकान्यांत आहेत. इथे एक मोसम बुडाला आणि तिन्ही एकदम गेली. म्हणून मला वाटतं, २००६ च्या वनहक्क कायद्यातला सामूहिक हक्क, म्हणजे अख्ख्या गावाचा जंगलावरचा हक्क, ग्रामसभेच्या हातात खरोखर पडायला हवा. तेंदू-मोह ग्रामसभेनं स्वतः विकावा, आणि बाजार बंद असेल तेव्हा सरकारी खरेदीचा काटा पोडावर यावा. त्या आजीला तेव्हा एवढंच हवं होतं.