1:10 आरसी (रिमोट कंट्रोल) कारची चॅसी स्वतः बनवतोय. प्लेट आखून झाली, पण पुढे स्टीअरिंगला जागाच उरत नाही. लेआउट कसा ठरवावा?

प्लेट बाजूला ठेवा. मी आधी चार चाकं आखतो, मग किंगपिन (पुढचं चाक ज्या खिळीभोवती वळतं ती), मग टाय रॉड (दोन्ही चाकांना वळवणारी दांडी). बॅटरी-मोटर त्यानंतर आणि प्लेटची कड सगळ्यात शेवटी. स्टीअरिंग मिलीमीटरसुद्धा सरकू देत नाही. बॅटरी मात्र कुठेही समजून घेते.

समजा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) 260 मिमी आणि दोन किंगपिनमधलं अंतर 160 मिमी. आतलं चाक 30 अंश वळलं, तर बाहेरचं साधारण 23 अंशच वळायला हवं. नाहीतर एक चाक फरफटत जातं. हीच ॲकरमन भूमिती. (1818 मध्ये घोडागाड्यांसाठी पेटंट घेतलं ॲकरमनने, डोकं मात्र लँकेनस्पर्गर नावाच्या, घोडागाड्या बनवणाऱ्या जर्मन कारागिराचं!) सोपी रीत अशी: मागच्या ॲक्सलच्या मध्यापासून प्रत्येक किंगपिनपर्यंत रेघ मारा आणि नकलचा (किंगपिनभोवती वळणाऱ्या, चाक धरणाऱ्या भागाचा) आर्म त्या रेघेवर ठेवा. या मापांत तो 17 अंश आत झुकतो. टाय रॉड ॲक्सलच्या पुढे घेतलात, तर आर्म बाहेर झुकवावे लागतात आणि रिमला अडतात, म्हणून जमेल तिथे मागेच घ्या. रीत अंदाजाचीच आहे, त्यामुळे कॅडमध्ये (संगणकावरच्या ड्रॉइंगमध्ये) चाक फिरवून दोन्ही कोन मोजा.

सर्व्होच्या (स्टीअरिंग फिरवणाऱ्या छोट्या मोटरच्या) हॉर्नवरून, म्हणजे तिच्या फिरत्या दांड्यावरून, थेट दोन रॉड काढू नका. हॉर्न कमानीत फिरतो, त्यामुळे डावं-उजवं सारखं वळत नाही. दोन बेलक्रँक (खिळीवर फिरणारे कोनी दांडे) आणि मध्ये जोडपट्टी हे उत्तम. एका बेलक्रँकमध्ये सर्व्हो सेव्हर (धक्का झेलणारा स्प्रिंगचा जोड) हवाच, नाहीतर पहिल्याच धडकेत सर्व्होचे दात जायचे.

बहुतेकांची गाडी बिघडते ती बंप स्टीअरमुळे, म्हणजे सस्पेन्शन हललं की चाक आपोआप वळण्यामुळे. सर्व्हो चालू ठेवून पुढचं सस्पेन्शन हाताने दाबा-सोडा आणि चाकाकडे वरून पाहा. चाक आपोआप वळत असेल, तर टाय रॉड आणि सस्पेन्शन आर्म वेगवेगळ्या कमानी काढताहेत. रॉडची लांबी आणि तिरकेपणा आर्मांशी जुळला पाहिजे. थोडा फरक असेल तर बॉल स्टडखाली (रॉडचं टोक ज्या गोळीच्या स्क्रूवर बसतं त्याखाली) एक-एक मिलीमीटरचा वॉशर घालून बघा. जास्त असेल तर बेलक्रँकच हलवा.

आता प्लेट. सर्व्हो दोन्ही टोकांनी प्लेटला आवळलात, तर तेवढा भाग ताठ होतो आणि गाडी एका बाजूला वेगळी वळते. म्हणून तो मध्यरेषेजवळ एकाच आधारावर बसवा. कार्बन फायबर वापरणार असाल तर ते वीजवाहक असतं हे ध्यानात ठेवा: तासलेल्या कडेवर वायर घासली की शॉर्ट. कडांना सुपरग्लू लावा, कापताना मास्क घाला आणि पाणी मारत राहा, ती धूळ फार वाईट. त्याआधी तेच भोकांचं ड्रॉइंग एमडीएफवर कापून सगळं जोडून बघा. कॅडमध्ये न दिसलेला स्क्रू तिथे नक्की आडवा येतो.